ढगळ पिस्तूल

धंद्यानं मी टेलर. सत्तावीस वर्षांत शर्ट शिवले, सफारी शिवल्या, बँडवाल्यांचे लाल कोट शिवले, एकदा तर जत्रेतल्या बैलाची झूलसुद्धा शिवली. पिस्तूल मात्र आयुष्यात एकच शिवलं, आणि तेही ढगळ.

हसू नका! म्हणजे हसा, माझं काय जातंय. आमची महानंदा (माझी बायको, दुकानात काजं-बटणं तिच्याकडं, घरात सगळंच तिच्याकडं) अजून पोळ्या लाटता लाटता मध्येच थांबून हसते. पण त्या दिवशी गुलबर्ग्यात हिची पोरगी रडायच्या बेताला आली होती आणि पोरीच्या बापाच्या तोंडचं पाणी पळालं होतं, हेही ध्यानात ठेवा.

पोरगी म्हणजे गौरा. वय सतरा, पीयूसीचं दुसरं वर्ष (म्हणजे तुमची बारावी), आणि खेळ पिस्तुलाचा. दचकू नका, हवेवर चालणारं पिस्तूल. गोळी मुगाच्या दाण्याएवढी. दहा मीटरवर कागदाचं टार्गेट, त्याच्या मधोमध दहा मार्कांचा गोल, तो बरोबर शर्टाच्या बटणाएवढा. (मी बटण ठेवून बघितलंय.) किलोभर वजनाचं पिस्तूल एका हातानं समोर धरायचं, श्वास रोखायचा आणि लांबच्या त्या बटणात गोळी घालायची. अशा साठ गोळ्या! मला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो आणि माझी पोर दहा मीटरवरून बटणं फोडते, ह्याचा मला इतका अभिमान होता की गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावून मी पंधरा पंधरा मिनिटं तेच सांगत बसायचो. बिचारं गिऱ्हाईक हात वर करून उभंच.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्याला स्पर्धा होती. सहाशेपैकी पाचशे चाळीस मिळाले की राज्याच्या स्पर्धेत जागा. गौराची गाडी पाचशे छत्तीसवर येऊन अडलेली. आणि महानंदानं निकाल आधीच देऊन ठेवलेला.

"ह्या खेपेला झालं तर झालं. न्हाई तर पिस्तूल माळ्यावर. परीक्षा हुईपतोर खाली यायचं न्हाई."

महानंदानं माळ्यावर टाकलेली वस्तू परत कधी खाली येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. माझी बाजाची पेटी अकरा वर्षं तिथंच आहे. त्यामुळं गौरा रोज सकाळी कॉलेजच्या आधी एक तास आणि कॉलेजनंतर एक तास, नेम धरून उभी. पण आकडा काही पाचशे छत्तीसच्या पुढं सरकेना.

ते चार मार्क कुठं गळतायत, हे सलीम सरांनी शोधून काढलं. सलीम सर म्हणजे गौराचे कोच, फौजेतून रिटायर झालेले. आमच्या बिदरच्या नौबादमध्येच एका जुन्या गोदामात त्यांनी रेंज केलीय. त्यांनी मला बोलावलं, गौराच्या हातात पिस्तूल दिलं आणि मुठीकडं बोट दाखवलं.

"देखो मल्लूभाई, ये पिस्तूल सेकंडहँड है. पहले वाले का हात अलग, बच्ची का हात अलग. ये देखो, तळहात के नीचे पोकळ. धा गोली हुई की ग्रिप सरकती."

"मग नवी मूठ घ्यायची का सर?"

"नक्को! बडे बडे खिलाडी बी ग्रिप अपने हात के हिसाब से बना लेते. ये पुट्टी लेव. पोकळ जागे पे थोडी लगाना, बच्ची का हात दबाना, सुकने के बाद घिसना. लेकिन थोडीच हौ! चावल के दाने जित्ती. माप का काम है."

माप का काम! हे शब्द कानावर पडले आणि मी पुढचं काही ऐकलंच नाही. "द्या हिकडं सर," मी म्हणलो, "सत्तावीस वर्षं मापातच गेली माझी." सरांनी विश्वासानं पुट्टीचा अख्खा डबा माझ्या हातात ठेवला. त्यांना काय माहीत, मी घरच्या माणसाचं माप कसं घेतो ते!

इथं एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. गिऱ्हाइकाचा कपडा मी चोख मापाचा शिवतो, त्यात दोराभर फरक नाही. पण गौरा चालायला लागली तेव्हापासून तिचा एकूण एक कपडा मी वाढत्या अंगाचा शिवलाय. पाचवीत शिवलेला फ्रॉक तिला आठवीत मापाचा झाला, आणि तवर तो विटून गेला होता. बाह्या कायम बोटांच्या टोकापर्यंत, शिलाईच्या आत चार चार बोटं कापड दुमडलेलं. शाळेच्या कुठल्याही फोटोत बघा, आमची गौरा शामियान्यातून डोकं बाहेर काढल्यासारखी उभी. टेलरची पोर, आणि अंगावर दुसऱ्याचं मागून आणल्यासारखा कपडा!

"अप्पा, एकदा तरी माझ्या मापाचं शिवा की," ती म्हणायची.

"आगं, वाढतं अंग हाय तुझं," मी म्हणायचो आणि आणखी एक बोट वाढवायचो.

तर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि पुट्टी मळायला घेतली. कणकेसारखीच मळायची असते. मुठीवर पातळ थर दिला, गौराचा हात दाबून घेतला. बोटांचे ठसे काय सुंदर उमटले! तिथंच थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडं काहीच नसतं. पण गौरा हात धुऊन अभ्यासाला गेली आणि माझ्या डोक्यात विचार सुरू झाला. पोरगी सतराची. आज राज्य, उद्या देश, अजून पाच-सहा वर्षं तरी खेळणार. तवर पंजा वाढणार नाही? मग दर वर्षी नवी मूठ करत बसायची? कामून? आत्ताच जरा सढळ हातानं केली तर!

मापवही काढली आणि लिहिलं, 'गौरा. पिस्तूल. पंजा साडेसहा. सगळीकडून एक बोट जादा.' मग आणखी एक गोष्ट आठवली. कापड पहिल्या धुण्यात आटतं. म्हणजे पुट्टीही सुकल्यावर थोडी आटणारच. म्हणून वरून अजून अर्धं बोट. डबा रिकामा झाला.

महानंदा चहा घेऊन आली आणि कप हातातच धरून उभी राहिली.

"अवं, काय करायलाव? मूठ हाय का नारळ हाय?"

"सुकल्यावर आटतंय ते."

"पुट्टी आटतीय व्हय? मांजरपाट हाय का ते?"

"तुला काय कळतंय त्यातलं? तू काजं कर!"

"सर तांदळाच्या दाण्याएवढी म्हणले होते की."

"सर फौजेतले. त्यांना पोरीच्या अंगाची वाढ काय माहीत?"

महानंदानं कप खाली ठेवला आणि काही न बोलता गेली. ती काही न बोलता जाते तेव्हा माणसानं घाबरायला पाहिजे. मी मात्र मुठीला वरून तपकिरी पॉलिश मारत बसलो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं आयुधपूजेला मशीन, कात्री, टेप, इस्त्री सगळी देवापुढं बसतात. आणि एकदा हत्यार पूजेला मांडलं की दसऱ्याला संध्याकाळी बन्नी घेऊन येईपर्यंत त्याला कुणी बोट लावायचं नाही. (बन्नी म्हणजे शमीची पानं, आमच्याकडं सोनं म्हणून तीच देतात.) ही पद्धत माझ्या वडिलांपासूनची. वडिलांनी एकदा पाटलांच्या जावयाला एका पायाच्या पँटीवर घरी पाठवलं होतं, पण पूजेतली कात्री उचलली नव्हती! यंदा कात्रीच्या शेजारी पिस्तूल. महानंदानं नळीवर तीन बोटं इभूत ओढली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला, मी मूठभर अक्षता टाकल्या. सगळ्या आयुधांत तेच उठून दिसत होतं, कारण सगळ्यात जाड तेच होतं.

गौरा आली आणि पाटासमोर बसली.

"अप्पा, जरा हातात धरून बगू द्या की. परवा म्याच हाय."

"पूजेतलं हत्यार हाय! हात लावायचा न्हाई."

"अवं, पण मूठ बसती का न्हाई ते कळाया नको?"

"बसती! सत्तावीस वर्षं शिवायलोय मी."

"वाढदिवसाच्या ड्रेसला बी हेच म्हणलाव. त्यात मी आन् अव्वा दोघी बसताव." (अव्वा म्हणजे आई.)

"गौरा! देवापुढं बसून बापाला असं बोलू नये."

ती उठून अभ्यासाला गेली. पण दोन दिवस जाता-येता ती त्या मुठीकडं बघत होती, आणि मला वाटत होतं, पोरगी कौतुकानं बघायलीय.

दसऱ्याला संध्याकाळी बन्नी देणारे-घेणारे, पाहुणे, पुरणपोळ्या ह्यांची गर्दी उसळली. त्या गडबडीत मीच पिस्तूल पूजेतून उचललं, त्याच्यासाठी शिवलेल्या मखमली पिशवीत घातलं (पिशवीही वाढत्या अंगाची, हे सांगायला नको) आणि पेटीत ठेवलं. पेटीचं झाकण लागेना. मी गुडघा ठेवून दाबलं, लागलं. एखाद्या शहाण्या माणसाला तिथं तरी शंका आली असती. मला वाटलं, पेटीच लहान शिवलीय कंपनीनं.

सकाळी आम्ही तिघं आणि सलीम सर पहिल्या बसनं गुलबर्ग्याला निघालो. हुमनाबाद गेलं आणि गौरानं हळूच विचारलं, "अप्पा, पेटी उघडून एकदाच धरू का?"

"येडी हायस का? बसमधी पिस्तूल काढतीस? कंडक्टर उडी मारंल!"

खरंच होतं ते. पलीकडच्या बाकावरचे एक म्हातारबाबा 'पिस्तूल' हा शब्द ऐकूनच पुढच्या बाकावर जाऊन बसले होते. म्हणजे झालं काय, की मूठ तयार होऊन तीन दिवस झाले तरी जिच्यासाठी ती केली तिनं ती एकदाही हातात धरली नव्हती, आणि ह्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

स्पर्धेच्या ठिकाणी आधी हत्यारांची तपासणी असते. टेबलामागं एक मॅडम, कन्नडवाल्या, मराठीही येणाऱ्या. त्यांनी पेटी उघडली. आधी झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. मग कुंकू. मॅडमनी पिस्तुलाला नमस्कार केला (त्यांच्याही घरी पूजा झाली असणार) आणि नळी उलटी करून टेबलावर ठोकली. टप्पकन तांदळाचा दाणा पडला.

"इदेनु? अक्की?" मॅडम म्हणल्या. म्हणजे, हे काय, तांदूळ?

"अक्षता हाईत मॅडम," मी म्हणलो. "चांगलं असतंय."

सलीम सरांनी कपाळाला हात लावला. त्यांनी नळी साफ केली आणि तपासणी पुढं सुरू झाली. मॅडमनी चापाला अर्ध्या किलोचं वजन लटकवून बघितलं. वजन उचललं तरी चाप सुटला नाही म्हणजे पास. पास! माझा जीव भांड्यात पडला. मग मॅडमनी एक लाकडी खोकं पुढं ओढलं. नियम असा, की पिस्तूल त्या खोक्यात आरामात मावलं पाहिजे, तरच खेळायचं. खोक्याची उंची पाच सेंटिमीटर. मी शिवलेलं पिस्तूल त्याच्यावर झोपलं ते झोपलंच. मूठ वर.

"होगंगिल्ल," मॅडम म्हणल्या. जात नाही.

"जरा दाबा की मॅडम, बसंल."

"दाबायचं न्हाई अण्णा. आपलं आपण बसाया पाहिजे."

दुकानात एखाद्याची पँट बसत नसली तर मी म्हणतो, 'श्वास आत घ्या.' पिस्तुलाला काय सांगणार! मॅडमनी ते उचलून गौराच्या हातात परत दिलं, आणि तिनं पहिल्यांदा मूठ धरली. म्हणजे धरायचा प्रयत्न केला. तिची बोटं मुठीला अर्धाच वेढा घालू शकली. चापावरचं बोट चापाच्या अर्धा इंच अलीकडं थांबलं.

ती माझ्याकडं बघायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अप्पा," ती म्हणली, "हे बी वाढत्या अंगाचं केलाव का?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात थरथरेल म्हणून ती ते पडू देत नव्हती. नेमबाज पोर, रडतानाही हाताचा विचार! मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं.

"मल्लूभाई!" सलीम सर बोलायला लागले. "मैं बोला था, चावल के दाने जित्ती! तुम तो पूरी देगची चढा दिये!"

"सर, वाढतं अंग..."

"हात कायका बढता? सतरा की है बच्ची!"

मॅडमना दया आली. "अकराला तिची तुकडी हाय. पावणेअकराच्या आत बरोबर करून आणा. मग परत बगते."

घड्याळात साडेनऊ. मी शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या. म्हणलं, बिघडवलंय मी, नीट करणारही मीच. पिस्तूल माळ्यावर जाऊ देणार नाही, म्हणजे नाही! "घिसना पडेगा," सर म्हणले. "कानस लाव कही से." मी धावत सुटलो.

आता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुलबर्ग्यात कानस कुठं मिळणार? हार्डवेअरची दुकानं बंद. मैदानामागच्या गल्लीत एका सुताराचं घर उघडं दिसलं. आत डोकावलो तर करवत, रंधा, पटाशी, कानस सगळी पाटावर, हार घालून बसलेली.

"मामा, कानस द्या! अर्ध्या तासात आणून देतो."

"आज न्हाई मिळायची," सुतारमामा म्हणले. "पूजेतली हाय. आमच्यात पुनवंपतोर हत्यार उचलत न्हाईत."

"आवो, पोरीची म्याच हाय! आयुष्याचा सवाल हाय!"

"तुमी काय करता?"

"टेलर हाय. बिदरचा."

"मग खरं सांगा, पूजेतली कात्री कुणी मागितली तर दिली असती का?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण समोर हार घातलेली हत्यारं, आणि डोळ्यांपुढं पाटलांचे जावई, एका पायाच्या पँटीवर घरी चाललेले. "न्हाई," मी म्हणलो. "पोरीला पिस्तुलाला हात लावू दिला न्हाई मी."

"मग?" म्हणून मामांनी मला पुरणपोळी पुढं केली. मी घेतली. (काळजीत मला भूक लागते.) कानसेच्या जागी पोळी घेऊन मी परत आलो तेव्हा दहाला दहा कमी होते.

रेंजच्या पायरीवर महानंदा बसली होती. तिनं माझ्या हातातली पोळी बघितली आणि एवढंच विचारलं, "हिनं घासणार व्हय?"

"अगं कानस कुठं मिळंना! सगळी पूजेला बसलीत."

महानंदानं पायरीवरून हात फिरवला. शहाबादी फरशी, पॉलिश न केलेली, खरखरीत. "मग हिच्यावर घासा की. आमी टाचा घासताव का न्हाई?"

सत्तावीस वर्षं काजं-बटणं करणाऱ्या बाईला जे सुचलं ते मला सुचलं नाही. सरांनी स्क्रू काढून मूठ पिस्तुलापासून वेगळी केली, मी गुडघ्यावर बसलो आणि घासायला लागलो. पांढरी-तपकिरी भुकटी उडायला लागली. महानंदा वरून तांब्यानं थोडं थोडं पाणी सोडत होती.

पण घासायचं कुठं आणि किती? डोळे मिटून घासलं तर उलटं व्हायचं. मी खिशात हात घातला. टेलरचा खडू खिशात असतोच. मूठ गौराच्या हातात दिली.

"धर. कुठं घट्ट होतंय?"

"हितं. अंगठ्याच्या खाली."

खडूची खूण केली. घासलं. "आता?"

"आता बरं हाय. पण करंगळी लांब जातीय."

खूण. घासलं. "आता?"

"तळहाताला टोचतंय जरा."

खूण. घासलं. धर, सोड, खूण, घास. पाच वेळा, सहा वेळा. आणि मध्येच माझ्या ध्यानात आलं, की ही ट्रायल आहे. गिऱ्हाइकाला मी दोन दोन ट्रायल देतो, टाचण्या लावून विचारतो, काखेत ओढतंय का, कमरेला बसलं का. माझ्या पोटच्या पोरीला सतरा वर्षांत ही पहिली ट्रायल होती. तीही गुलबर्ग्याच्या पायरीवर, तुकडी सुरू व्हायला तासभर असताना! लाज वाटली मला. खरं सांगतो, लई लाज वाटली. मी मान खाली घालून घासत राहिलो.

बाकीच्या पोरांचे आईबाप भोवती गोळा झाले होते. एकानं विचारलं, "मूठ करून देता का हो तुमी? आमच्या पोराची बी करायची हाय." महानंदा म्हणली, "देतेत की. पण कितवी पतोर पुरवायची ते आधी सांगा."

सातव्या वेळेला गौरानं मूठ धरली, डोळे मिटले, बोटं एकदा आवळली, सैल केली. "अप्पा, बसली," ती म्हणली. वरून अजून खरखरीत होती, पण सर म्हणले, "रहने देव. घाम आया तो बी सरकती नै." स्क्रू लावले. मॅडमच्या टेबलावर पोचलो तेव्हा पावणेअकराला दोन मिनिटं होती. मॅडमनी पिस्तूल खोक्यात ठेवलं. ते आत गेलं, कुणी न दाबता. "होयतु," मॅडम म्हणल्या. गेलं! मी त्यांना वाकून नमस्कार केला, तर माझ्या पँटीच्या दोन्ही गुडघ्यांना भोकं पडलेली सगळ्यांना दिसली.

तुकडी सुरू झाली. आम्ही मागं बाकावर. गौराची पहिली गोळी आठ. दुसरी सात! मी डोळे झाकून घेतले. महानंदानं कोपर मारलं, "बगा की, तुमीच केलाव न्हव?" नवी मूठ, हाताला सवय व्हायला वेळ लागणारच होता. मग नऊ आला, नऊ आला, दहा आला. मी बोटांवर मोजत होतो आणि दर दहा गोळ्यांनी चुकत होतो, शेवटी सलीम सरांनी माझे हात धरून ठेवले. पन्नासावी गोळी झाली तरी आकडा वर-खाली, वर-खाली.

शेवटची गोळी राहिली. सर कानात म्हणले, "पाचसौ इकतीस. नऊ हुना." नऊ! म्हणजे बटण नाही तर निदान बटणाच्या काठाला तरी.

गौरानं हात उचलला. धरला. धरून ठेवला. आणि न मारताच खाली घेतला. महानंदाचा हात माझ्या मनगटावर आवळला. गौरानं मुठीतला हात सोडून पँटीला पुसला, पुन्हा मूठ धरली, करंगळीपासून एक एक बोट बसवलं, अगदी आत्ता पायरीवर बसवत होती तसं. हात पुन्हा वर गेला. टप्प.

दहा.

पाचशे एकेचाळीस! मी उठून उभा राहिलो आणि मोठ्यानं काहीतरी ओरडलो. काय ते आठवत नाही, पण मला बाहेर काढलं. म्हणून पोरगी बाहेर आली तेव्हा पायरीवर मी एकटाच होतो, फाटक्या गुडघ्यांवर हात ठेवून. ती माझ्या शेजारी बसली आणि मूठ माझ्यापुढं धरली.

"अप्पा, मापाची झाली," ती म्हणली.

मग मी रडलो. हात थरथरायची भीती मला नव्हती.

घरी आल्यावर मी मापवहीत तिच्या नावाचं नवं पान काढलं. राज्याच्या स्पर्धेला घालायला तिला एक शर्ट पाहिजे होता. खांदा, छाती, बाही, मनगट, सगळं नव्यानं मोजलं. तीन ट्रायल घेतल्या. शिलाईच्या आत दोराभर कापड जादा ठेवलं नाही. शर्ट असा बसला की महानंदानंही नावं ठेवली नाहीत! इस्त्री करून, घडी घालून कपाटात ठेवला, स्पर्धेच्या दिवशीच घालायचा म्हणून.

स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी, म्हणजे बरोबर दोन महिन्यांनी, गौरानं तो काढला. डावी बाही घातली. उजवी बाही कोपराच्या वर येऊन अडली. ओढली, ताणली, हात वर करून बघितला. दोन महिने सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास किलोभराचं पिस्तूल उचलून उचलून पोरीचा उजवा दंड आणि खांदा भरला होता.

"अप्पा," आतून आवाज आला, "बाही चढंना झालीय! शिलाईत जरा कापड ठेवलाव का न्हाई?"

महानंदा लाटणं सोडून खालीच बसली हसत. सतरा वर्षं मी घसा फोडून सांगत होतो, पोरीचं वाढतं अंग हाय, वाढतं अंग हाय. आणि ते खरंच वाढलं त्या दिवशी, मी बापडा जन्मात पहिल्यांदा तिला मापाचं शिवून बसलो होतो!